खेळाचा नेकटाय आणि आमच्या शाळा

जून महिना लागला, शाळा उघडण्याचे दिवस जवळ आले, कीं गांवोगांवच्या कापडबाजारांत गणवेषाच्या याद्या हातीं घेतलेल्या आईबापांची गर्दी उसळते. सदरा, विजार, मोजे, बूट यांजबरोबर इंग्रजी शाळांच्या यादींत एक जिन्नस बहुधा असतोच. तो म्हणजे नेकटाय. पांच-सहा वर्षांच्या मुलाचा असला तर त्याला गांठही बांधावी लागत नाहीं. शिवलेली तयार गांठ, आंत रबराची दोरी, डोक्यावरून घातला कीं झालें. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं गेल्या वर्षीं मुलाच्या शाळेच्या चालकांस सहज विचारलें कीं, हा कशासाठीं? उत्तर मिळालें, "शिस्तीसाठीं." उत्तर देणारे चालक सज्जन आहेत, शाळाही चांगली आहे, म्हणून तिचें नांव येथें घालीत नाहीं. परंतु हें उत्तर खरें आहे काय, तें तपासून पाहण्याचें आम्हीं मनावर घेतलें. आणि तपासाअंतीं आमचें मत असें झालें आहे कीं, मुलांच्या गळ्यांत अडकविलेल्या या पट्टेदार कापडाचा शिस्तीशीं संबंध थोडा असून विलायतेंतील शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींच्या खेळांशीं, व त्या खेळांच्या क्लबांच्या दारांशीं, फार आहे.

एवढ्याशा पट्टीवर अग्रलेख खर्चावा काय, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, माणसाच्या अंगावर जें चढतें तें नुसतें कापड क्वचितच असतें. आमच्याच पुण्यांत एके काळीं डोक्यावरील पगडीची घडण पाहून समोरून येणारा गृहस्थ कोणत्या जातीचा व कोणत्या धंद्याचा हें लांबून ओळखतां येत असे. आणि ती पगडी बदलण्याचें धाडस करणारास घरांतून व बाहेरून बोल ऐकावे लागत. पगड्या गेल्या, पागोटीं गेलीं, आणि त्यांच्याबरोबर जात ओळखण्याचा तो सोपा मार्गही गेला. त्याबद्दल कोणी अश्रु ढाळीत बसलें आहे असें आमच्या ऐकिवांत नाहीं. विलायतेंत डोक्याचें हें काम गळ्यानें केलें, एवढाच फरक.

तथापि नेकटायास जन्मतःच दोषी ठरविणें अन्यायाचें होईल. मैदानावरील गळपट्टा मूळचा कामाचा होता. घोड्यावर बसून कुत्र्यांच्या टोळीमागून कोल्ह्याची शिकार करण्याचा जो छंद इंग्रज जमीनदारांस होता, त्यांत गळ्याभोंवतीं पांढऱ्या कापडाची लांब पट्टी घट्ट गुंडाळण्याची चाल होती, आणि घोडेस्वारीच्या कांहीं स्पर्धांत ती आजही दिसते. हिला तिकडे 'स्टॉक' म्हणतात. मानेमागून वेढा घेऊन ती पुढें बांधावयाची, आणि वर साधी सोन्याची टांचणी आडवी लावावयाची. उभी लावली तर पडतांना तिचें टोंक गळ्यांत घुसण्याचें भय. कुंपणावरून उडी घेतांना स्वार पडला, हात मोडला, तर हीच पट्टी सोडून हाताला झोळी करावी. घोड्याच्या पायास जखम झाली तर तिनेंच ती बांधावी. टांचणी हाताशीं आहेच. हिवाळ्याच्या वाऱ्यांत मान उबदार राही तें वेगळेंच. अशा कापडास कोण नांवें ठेवील? आमचा शेतकरी मुंडाशानें घाम पुसतो, त्यांतच भाकरी बांधतो, आणि वेळ पडली तर त्याला लोटा बांधून विहिरींतलें पाणीही काढतो. विलायती स्टॉक हा त्याच कुळांतला.

मुष्टियुद्धाची कथाही अशीच आहे, आणि तींत तर आपला हिंदुस्थान प्रत्यक्ष येतो. आपल्याकडे रेशमी कापडास ठिपक्याठिपक्यांनीं गांठी मारून तें रंगवीत. 'बांधणें' याच मूळ शब्दावरून इंग्रजींत रुमालास 'बॅन्डाना' हें नांव पडलें. बंगालचे हे रुमाल इंग्लंडांत फार लोकप्रिय झाले. त्या राष्ट्रानें १७०० सालीं कायदा करून हिंदुस्थानी रेशमी कापडाचा वापर आपल्या देशांत बंद केला, तरी चोरट्या वाटेनें ते तेथें उतरतच राहिले. (घरच्या विणकरांच्या रक्षणासाठीं परक्या मालास दार लावणें हा अर्थशास्त्रांतला अपराध आहे, असा उपदेश त्याच राष्ट्रानें पुढें आम्हांस केला, तो भाग निराळा.) १८०० च्या सुमारास जेम बेल्चर नांवाचा नामांकित मुष्टियोद्धा निळ्या जमिनीवर पांढरे ठिपके असलेला रुमाल गळ्यांत बांधी. त्या रुमालास लोक 'बेल्चर' असेंच म्हणूं लागले. पुढें लढवय्यांचे आपापले रंग ठरले, आणि त्यांचे चाहते तेच रंग गळ्यांत बांधून लढत पाहावयास जाऊं लागले. घाम पुसणारा रुमाल येथें निशाण झाला. परंतु हें निशाण बाजारांत सर्वांस खुलें होतें. ज्याला बेल्चर आवडे त्यानें बेल्चर विकत आणावा. त्याचे वाडवडील कोण, हें विचारणारा कोणी दुकानाच्या दारांत उभा नव्हता.

निशाणाचें कुंपण झालें तें क्लबांच्या हातीं. १८४५ सालीं कांहीं सुखवस्तु क्रिकेटपटूंनीं 'आय झिंगारी' नांवाचा क्लब काढला. या इटालियन शब्दांचा अर्थ 'भटके' असा आहे. स्वतःचें मैदान न ठेवतां ठिकठिकाणीं जाऊन खेळावयाचें, म्हणून हें नांव. काळा, तांबडा आणि सोनेरी हे त्यांचे रंग. पोटासाठीं भटकणाऱ्यास ज्या देशांत गांवाबाहेर हांकलीत, त्याच देशांत चैनीखातर भटकणाऱ्यांनीं तें नांव भूषण म्हणून मिरवावें, आणि आंत शिरकाव मात्र निवडक मंडळींसच मिळावा, यांतली गंमत त्या सभासदांस कळली होती कीं नाहीं, कोण जाणे! पुढें १८८० सालीं ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजांतील होडी वल्हविणाऱ्या विद्यार्थ्यांनीं आपल्या गवती टोप्यांवरील रंगीत फिती काढून त्या गळ्यांत बांधल्या, व मग त्याच रंगांचे नेकटाय शिंप्याकडून करवून घेतले, अशी हकीकत सांगतात. क्लबाच्या नेकटायाची सुरुवात पुष्कळ लेखक येथूनच धरतात. नंतर ही साथ पसरण्यास वेळ लागला नाहीं. कॉलेजें, शाळा, पलटणी, क्रिकेटचे क्लब, होड्यांचे क्लब, ज्याचा त्याचा पट्टा ठरला. लॉर्ड्‌सच्या मैदानाचा धनी जो एम. सी. सी. क्लब, त्याचे तांबडा व पिवळा हे भडक रंग तर इतके प्रसिद्ध झाले कीं, न्याहारीच्या ताटांतील डुकराचें मांस व अंडें यांवरून लोकांनीं त्यांची थट्टा मांडली.

विसावें शतक उजाडलें तेव्हां विलायतेंतील सुखवस्तु पुरुषाच्या कपाटांत प्रत्येक खेळाचा गळा वेगळा झाला होता. शिकारीला पांढरा स्टॉक. ॲस्कटच्या घोड्यांच्या शर्यतींस जावयाचें तर रुंद रेशमी गळपट्टा, पुढें एकावर एक घडी आणून मोत्याच्या टांचणीनें बसविलेला. त्याचें नांवच 'ॲस्कट' पडलें, आणि शर्यतींपासून तो लग्नसमारंभांपर्यंत पोंचला. गोल्फला जाड लोकरी कोट व त्याखालीं विणलेला किंवा लोकरी टाय. चार घोड्यांची गाडी स्वतः हांकण्याचा ज्यांना षोक होता, त्यांच्यावरून 'फोर-इन-हँड' या साध्या लांब गांठीस नांव मिळालें. तें लगामाच्या गांठीवरून आलें कीं क्लबाच्या चालीवरून, यावर तिकडे वाद आहे, आम्हांस त्याशीं कर्तव्य नाहीं. आज कचेरींत जाणारा कोणीही मारतो ती हीच गांठ. क्रिकेटपटु व टेनिसपटु यांनीं तर क्लबाचा टाय गळ्यांतून काढून कमरेस बांधला. विजार सांवरण्यास त्याचा पट्टा उत्तम होई. जुन्या छायाचित्रांत हा प्रकार पाहून आम्हांस हंसूं आलें, पण त्यांतला शहाणपणाही दिसला. कापड तेंच; ज्या ठिकाणीं तें कामास आलें त्या ठिकाणीं तें बांधलें.

आतां त्या रंगांच्या कुंपणापलीकडे कोण होतें, तें पाहूं. एक्झिटरच्या विद्यार्थ्यांनीं फिती गळ्यांत बांधल्या त्याच्या आदल्याच वर्षीं, म्हणजे १८७९ सालीं, टेम्स नदीवरील हेन्ले येथील प्रसिद्ध होडीशर्यतीच्या व्यवस्थापकांनीं हौशी खेळाडूची व्याख्या ठरविली. जो पैशासाठीं खेळला तो हौशी नव्हे, इतकें म्हणून ते थांबले असते तर आमची तक्रार नव्हती. पण त्यांनीं असेंही ठरविलें कीं, जो मजुरीवर कारागीर, यंत्रकामकरी किंवा मजूर म्हणून काम करतो, किंवा ज्यानें पूर्वीं कधीं केलें आहे, तोही हौशी नव्हे. त्यानें होडी वल्हवून एक दमडी मिळविली नसली तरी चालणार नाहीं. हातानें काम केलें, तेव्हां बाटला! ही भाषा आमच्या वाचकांस ओळखीची वाटेल. ज्या राष्ट्राचे पाद्री आणि अंमलदार आम्हांस जातिभेदाबद्दल बोल लावीत होते, आणि तो बोल यथार्थच होता, त्यांच्या नदीकांठीं हा नियम अठ्ठावन्न वर्षें जिवंत होता.

त्याचा सर्वांत गाजलेला बळी अमेरिकेच्या फिलाडेल्फिया शहरचा जॉन केली. हा मूळचा गवंडी. १९२० सालीं त्यानें हेन्लेच्या 'डायमंड स्कल्स' या एकट्यानें वल्हविण्याच्या शर्यतीसाठीं अर्ज केला, आणि तो नाकारण्यांत आला. त्याच्या क्लबावर हेन्लेच्या व्यवस्थापकांची जुनी बंदी होती हें एक कारण, आणि त्यानें विटा रचल्या होत्या हें दुसरें. डायमंड स्कल्स त्या वर्षीं इंग्लंडच्या जॅक बेरस्फोर्डनें जिंकली. थोड्याच आठवड्यांनीं अँटवर्प येथें ऑलिंपिक सामने झाले. तेथें एकट्याच्या होडीच्या अंतिम शर्यतींत हे दोघे समोरासमोर आले, आणि गवंड्यानें बेरस्फोर्डास मागें टाकलें. बेरस्फोर्ड थोर खेळाडू होता, त्याच्याकडे कमीपणा नाहीं. कमीपणा आहे तो, ज्यांनीं त्या दोघांस आपल्या नदीवर समोरासमोर येऊं दिलें नाहीं त्यांच्याकडे. १९३६ सालीं ऑस्ट्रेलियाचे पोलीस शिपाई आठजणांची होडी घेऊन आले, त्यांनाही याच नियमानें हेन्लेस परत फिरविलें. मग बोभाटा झाला, आणि १९३७ सालीं तो नियम पुसला गेला. केलीच्या मुलानें १९४७ सालीं तीच डायमंड स्कल्स जिंकली, तेव्हां बापाच्या मनांत काय आलें असेल याची कल्पना कोणाही बापास करतां येईल.

गोल्फच्या मैदानावर तर आणखी विचित्र देखावा होता. हॅरी व्हार्डन हा माळ्याचा मुलगा. १८९६ पासून १९१४ पर्यंत त्यानें ब्रिटिश ओपन सहा वेळां जिंकली, आणि हा विक्रम आजही कोणी मोडलेला नाहीं. तो कोट चढवून, गळ्यांत टाय बांधून खेळे. पोषाखांत त्याच्यांत आणि क्लबाच्या सभासदांत भेद दाखवितां आला नसता. पण व्हार्डनसारखे पैसे घेऊन खेळणारे खेळाडू क्लबाच्या इमारतींत पुढच्या दारानें जात नसत. ती सभासदांची जागा. १९२० सालीं इंग्लंडांतील डील येथें ओपन झाली, तेव्हां अमेरिकेच्या वॉल्टर हेगननें भाड्यानें मोटार आणून ती क्लबाच्या दारासमोर उभी केली, आणि तिच्यांतच कपडे बदलले. त्याच वर्षीं अमेरिकेंतील टोलीडो शहरच्या इन्व्हर्नेस क्लबानें आपल्या मैदानावरील राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळीं या खेळाडूंस इमारत मोकळी केली, आणि कृतज्ञतेनें त्या सर्वांनीं वर्गणी काढून क्लबास एक मोठें घड्याळ भेट दिलें. यावरून आमच्या चालकांच्या 'शिस्ती'चा एक मुद्दा निकालांत निघतो. नेकटाय बांधल्यानें माणूस सभ्य गणला जातो असें म्हणावें, तर व्हार्डनच्या गळ्यांत तो होता. दार तरीही बंदच होतें.

क्रिकेटांत हौशी विरुद्ध धंदेवाईक, म्हणजे त्यांच्या भाषेंत 'जंटलमेन' विरुद्ध 'प्लेअर्स', असा सामना १८०६ पासून १९६२ पर्यंत होत आला. एकाच देशासाठीं खेळणारे हे अकरा जण निरनिराळ्या खोल्यांत कपडे बदलीत आणि निरनिराळ्या फाटकांतून मैदानांत उतरत. क्लबाचे रंग हौशी सभासदाचे. क्लबासाठीं आयुष्यभर चेंडू टाकणारा धंदेवाईक हा नोकर, त्याचे नव्हेत. एम. सी. सी. नें अनेक निवृत्त धंदेवाईक खेळाडूंस सन्मानानें सभासद करून घेतलें तें १९४९ सालीं. आणि हौशी म्हणजे पैसा न घेणारा असें कोणी समजूं नये. डॉक्टर ग्रेस हे त्या सर्व हौशींचे मुकुटमणि. १८९५ सालीं त्यांच्यासाठीं जे निधि उभारले गेले त्यांची बेरीज नऊ हजार पौंडांवर गेली. म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हता, कुळाचा होता.

येथें आम्हीं आमच्या अंगणाकडे न पाहणें हा भ्याडपणा होईल. पुण्यांत इंग्रजांच्या क्लबांत नोकरीस असलेले पाळवणकर बाळू हे अस्पृश्य गणलेल्या चांभार जातीचे. गोऱ्या फलंदाजांस सरावासाठीं चेंडू टाकतां टाकतां ते असामान्य गोलंदाज झाले, म्हणून पुण्याच्या हिंदूंनीं त्यांस आपल्या संघांत घेतलें. मैदानावर त्यांनीं हाताळलेला चेंडू सर्वांनीं हाताळला. पण चहाच्या सुट्टींत बाळूंचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत. १९११ सालीं हिंदुस्थानचा संघ इंग्लंडास गेला, तेथें त्यांनीं एकशें चौदा बळी घेतले. इतकें होऊनही मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंच्या संघाचें नायकत्व त्यांस मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें. विलायतेच्या क्लबांस आंतला आणि बाहेरचा ओळखण्यासाठीं पट्टेदार रेशीम लागलें. आम्हांस तेवढाही खर्च करावा लागला नाहीं.

मग या कुंपणाचें झालें काय? पहिला धक्का दिला तो व्यापाऱ्यांनीं, आणि तो त्यांच्या श्रेयांत मांडला पाहिजे. ज्या क्लबाचे आपण सभासद नाहीं त्याचा टाय बांधणें हें विलायतेंत जवळजवळ खोटी सही करण्याइतकें निंद्य समजत. अमेरिकन दुकानदारांनीं हा पेंच मोठ्या चातुर्यानें सोडविला. विलायती पट्टे घालणाराच्या डाव्या खांद्यावरून उजवीकडे उतरत. न्यूयॉर्कच्या ब्रुक्स ब्रदर्स या दुकानानें विसाव्या शतकाच्या प्रारंभाच्या काळांत तेच पट्टे उलट दिशेनें उतरविले. दिसण्यांत तोच रुबाब, आणि कोणाच्या क्लबाची चोरी म्हणावी तर तीही नाहीं! मग वाटेल त्या कारकुनानें पट्टेदार टाय बांधावा. दुसरी सुधारणा शिवणीची. पूर्वीं टायचें कापड उभ्या धाग्यांत कापीत. गांठ सोडली कीं सुरकुती तशीच राही, आणि चारदां बांधला कीं टाय पिळवटे. न्यूयॉर्कच्याच जेसी लँग्सडॉर्फ नांवाच्या कारागिरानें १९२० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत कापड तिरपें, पंचेचाळीस अंशांच्या कोनांत, कापून तीन तुकडे जोडण्याची रीत काढली व तिचें पेटंट घेतलें. तिरप्या कापडाला ताण आणि उसळ दोन्ही असतात. गांठ सुटतांच टाय पूर्ववत् सरळ. कापड कांहींसें अधिक लागतें, पण माल टिकतो. आमच्या कापडबाजारांतील मंडळींस हें सांगावयास नकोच. आज विकला जाणारा बहुतेक चांगला टाय याच रीतीचा आहे.

दुसरा आणि निर्णायक धक्का दिला खेळाडूंनीं. विम्बल्डनच्या टेनिस स्पर्धा १८७७ सालीं सुरू झाल्या, आणि त्या आरंभींच्या काळांत पुरुष लांब पांढरी विजार, लांब बाह्यांचा ताठ सदरा आणि वर टाय अशा थाटांत चेंडूमागें धांवत. खेळ जसा वेगवान् झाला तसा गळा मोकळा हवासा वाटूं लागला. फ्रान्सचा रेने लाकोस्त हा १९२६ सालीं अमेरिकेची स्पर्धा खेळावयास उतरला तो आंखूड बाह्यांचा, मऊ कॉलरचा, हवा खेळती राहील अशा विणीचा सुती सदरा घालून. टाय नाहीं, ताठ कॉलर नाहीं. आणि स्पर्धा त्यानें जिंकली. १९३३ सालीं त्यानें भागीदार घेऊन तोच सदरा बाजारांत आणला. त्याच सुमारास इंग्लंडच्या बनी ऑस्टिननें लांब विजारही टाकून अर्धी चड्डी धरली. या लोकांस कोणी बेशिस्त म्हटलें नाहीं, आणि कोणी म्हटलें असल्यास जगानें तें ऐकलें नाहीं. आज जगांत कोठेंही धांवण्याच्या, चेंडूच्या किंवा वल्हविण्याच्या खेळांत खेळाडू टाय बांधून उतरत नाहीं.

ज्यांनीं तो निर्माण केला त्यांनीं तो खेळतांना उतरविला, आणि आमच्या शाळांनीं तो पहिलींतल्या मुलास चढविला! कारण उघड आहे. इंग्लंडांतील निवासी शाळांत मुलें निरनिराळ्या 'हाऊसां'त राहात, त्या हाऊसांचे सामने होत, आणि त्या सामन्यांचे रंग टायवर येत. त्या नमुन्यावर आमच्याकडे ज्या शाळा निघाल्या त्यांनीं हा सरंजाम जसाच्या तसा उचलला. हाऊस राहिलें नाहीं, कारण मुलें संध्याकाळीं आपल्या घरीं जातात; पण तांबडें, निळें, हिरवें, पिवळें हे चार रंग राहिले, आणि टाय राहिला. थंड देशांतील होडीवाल्यांची फीत ती. ती चंद्रपुरास मार्च-एप्रिलच्या उन्हांत आणि मुंबईस ऑक्टोबरच्या दमट उष्म्यांत वरचें बटण लावून बांधावी, असा आग्रह कोणत्याही आरोग्यशास्त्रांत बसत नाहीं.

तो परदेशी म्हणून टाकावा, असें आमचें म्हणणें नाहीं. विजार, सदरा, बूट, क्रिकेट आणि हें छापखान्याचें यंत्र, सर्व बाहेरचेंच आहे, आणि सोयीचें म्हणून आम्हीं घेतलें. वकील, व्यापारी, नोकरदार यांनीं आपल्या मर्जीनें टाय बांधावा. थंड प्रदेशांत जाणाऱ्यानें अवश्य बांधावा. गणवेषाविरुद्धही आम्हीं नाहीं. गरिबाचें व श्रीमंताचें मूल एकाच कापडांत बसावें हा त्यामागील हेतु आम्हांस पूर्ण मान्य आहे, आणि तो सदरा-विजारीनें साधतो. टायनें त्यांत भर पडते ती खर्चाची; आणि तो एका ठराविक दुकानांतच मिळत असला म्हणजे भर कोणाच्या घरांत पडते, हेंही पालकांस समजतें. उलट, या टायचा जो मूळचा गुण, एका शाळेचें मूल दुसऱ्या शाळेच्या मुलाहून वेगळें दिसावें, तो तेवढा शाबूत आहे. टायवालें मूल आणि बिनटायचें मूल एकाच रस्त्यानें शाळेस जातांना आपल्या शहरांत रोज दिसतें. कोण कोणत्या शाळेंतलें, आणि म्हणून कोणाच्या बापाची मिळकत किती, हें लांबून ओळखतां येतें. पुण्यांतील पगडीबद्दल वर लिहिलेंच आहे.

केंद्र सरकारच्या शिक्षणखात्यानें मे २०२२ मध्यें उन्हाळ्याच्या लाटेसंबंधीं शाळांस ज्या सूचना पाठविल्या, त्यांत नेकटायची सक्ती सैल करावी आणि चामडी बुटांऐवजीं कापडी बूट चालवावे असें स्पष्ट होतें. ती सूचना होती, हुकूम नव्हे. आणि तिचा रोख उन्हाळ्यापुरता होता. शाळांच्या चालकांनीं ती एकदां काढून वाचावी, आणि यंदाच्या यादींतून हा जिन्नस सक्तीच्या रकान्यांतून काढून ऐच्छिक रकान्यांत घालावा, इतकीच आमची मागणी आहे. पालकसभा बहुतेक शाळांत जुलैंत भरतात. ज्यांना हें पटतें त्यांनीं त्या सभेंत तोंडीं न बोलतां लेखी अर्ज द्यावा. तोंडीं बोलणें टिपणांत येत नाहीं. आमच्या परिचयाच्या त्या गृहस्थांनीं यंदा असा अर्ज आधींच दिला आहे, आणि शिस्त म्हणजे नेमकी कोणती, हेंही त्यांत विचारलें आहे. उत्तर आलें म्हणजे वाचकांस कळवूं.